फाइलचं आडनाव

(तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी)

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. तुमच्या हातातल्या या अंकाच्या मराठी विभागातले एकवीस लेख एका रात्रीत माझ्या हातून गेले होते. ते परत मिळाले म्हणूनच हा बाविसावा लिहायची हिंमत करतोय.

तर झालं असं, की विभागासाठी एकूण ८४ लेख आले. त्यातले ६३ लेख मोबाइलवरच्या कुठल्याशा ॲपमध्ये टाइप केलेले. हे ॲप मजकूर साठवतं अगदी साधा, पण फाइलच्या नावापुढे .डॉक लावून मोकळं होतं. उरलेले २१ खरोखरच वर्डमध्ये केलेले, म्हणजे .डॉकएक्स. अक्षरजुळणीवाल्या काकांचा निरोप आला की साध्या मजकुराच्या फाइल्सना .टीएक्सटी करून द्या, नाहीतर आमचं सॉफ्टवेअर त्या आत घेत नाही. आता फाइलवर जा, एफ-टू दाबा, शेवटची अक्षरं खोडा, नवी टाका, विंडोज विचारेल नक्की ना, हो म्हणा... असं सात वेळा केलं आणि कंटाळलो. बाहेर जुलैचा पाऊस कौलांवर बदडत होता, लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही. म्हटलं आपण इंजिनिअर होणार, हमाली कशाला करायची! काळी खिडकी उघडली, लेखांच्या फोल्डरमध्ये गेलो आणि एक ओळ टाकली:

रेन *.डॉक *.टीएक्सटी

एंटर! डोळ्याची पापणी लवायच्या आत काम खलास. मी शांतपणे झोपलो.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन. एकवीस लेखांच्या जागी नुसता चिन्हांचा खच पडलाय म्हणाले. फोल्डर उघडून बघतो तर ८४ च्या ८४ फाइल्स .टीएक्सटी! मी .डॉक बदला म्हटलं होतं, .डॉकएक्सला कुणी हात लावायला सांगितला? त्यातून त्या एकवीसमध्ये एक लेख आमच्या विभागप्रमुखांचा. माझी काय अवस्था झाली असेल, तुम्हीच कल्पना करा.

लॅबमध्ये एका सरांना गाठलं. ते हसले. म्हणाले, तुझी काही चूक नाही... म्हणजे आहेच, पण निम्मी. विंडोज प्रत्येक लांब नावाच्या फाइलला गुपचूप एक छोटं नावही देऊन ठेवतं. आठ अक्षरांचं नाव, तीन अक्षरांचं एक्स्टेन्शन, त्यापुढची अक्षरं कापलेली. निदान आपल्या सी ड्राइव्हवर तरी बहुतेक वेळा हे चालूच असतं. .डॉकएक्सचं छोटं रूप .डॉक. तारा लावून शोधताना विंडोज दोन्ही नावं बघतं, म्हणून ती एकवीस पोरंही जाळ्यात आली. मी विचारलं, ही आठ आणि तीनची भानगड काढली कुणी? सरांनी एक नाव सांगितलं. बिल गेट्स नव्हे, स्टीव्ह जॉब्सही नव्हे. गॅरी किल्डॉल.

आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पुस्तकात सीपी/एमचा उल्लेख येऊन जातो, परीक्षेला कुणी विचारत नाही म्हणून आपणही पान उलटतो. त्या सीपी/एमचा हा कर्ता. मग त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत सुटलो. सबमिशनचा आठवडा होता हे वेगळं सांगायला नकोच.

गॅरी किल्डॉलचा जन्म १९ मे १९४२ चा, अमेरिकेतल्या सिॲटल या बंदराच्या शहरातला. घरची एक शाळा होती आणि तिथे खलाशांना नौकानयन शिकवलं जाई. तारे बघून, कोन मोजून, तक्ते वापरून भर समुद्रात आपण कुठे आहोत ते काढायचं. वडील शिकवत, पुढे गॅरीनेही काही काळ तिथे शिकवलं. हे वाचताना मला एकदम तो आपल्या मिऱ्यावरचाच कुणी वाटायला लागला. आमच्या वाडीत बोटीवर कुणी नाही असं घर शोधावं लागेल. माझे बाबा बोटीवर इंजिनरूममध्ये आहेत, आजोबाही खलाशी होते. तेव्हा त्या घरात जेवताना कसल्या गप्पा होत असतील हे मला कुणी सांगायला नको.

गॅरीच्या वडिलांच्या मनात एक यंत्र होतं, समुद्रावरची ती त्रिकोणमितीची किचकट गणितं आपोआप करून देणारं. ते काही झालं नाही. गॅरी वॉशिंग्टन विद्यापीठात गेला तो गणिताचा शिक्षक व्हायच्या इराद्याने, आणि तिथे संगणकाच्या नादाला लागला. लष्करी सेवेची सक्ती होती ती त्याने नौदलाच्या मॉन्टेरेच्या पदव्युत्तर कॉलेजात शिकवून पुरी केली. १९७२ मध्ये डॉक्टरेट मिळवली. प्रोग्राम कमीत कमी कामात कसा चालवावा यावरचा त्याचा १९७३ चा शोधनिबंध कंपायलर शिकणारे आजही शिकतात. डेटा-फ्लो ॲनालिसिस म्हटलं की त्याचं नाव येतंच. म्हणजे गडी नुसता खटपट्या नव्हता, पक्का अभ्यासू होता.

इंटेलने १९७१ साली ४००४ ही चिप काढली. किंमत २५ डॉलर. किल्डॉलने ती घेतली आणि तिच्यावर साइन, कोसाइन वगैरेचे प्रोग्राम लिहायला बसला. डोक्यात वडिलांचं यंत्र! ते यंत्र या चिपवरही उभं राहिलं नाही, पण इंटेलच्या लोकांशी ओळख झाली. आठवड्यातून एखादा दिवस तो तिथे सल्लागार म्हणून जाऊ लागला. १९७३ मध्ये त्याने इंटेलच्या चिप्ससाठी पीएल/एम ही भाषा तयार केली. प्रोग्राम साठवायला तेव्हा कागदी फिती असत, छिद्रं पाडलेल्या. त्याच सुमाराला फ्लॉपी डिस्क बाजारात येऊ घातली होती. शुगार्ट कंपनीने चाचण्या करून करून झिजवलेला एक ड्राइव्ह त्याला मिळाला. पण नुसता ड्राइव्ह काय कामाचा? त्याला चिपशी जोडणारं सर्किट हवं, आणि ते काही याला जमेना. ज्याच्या शोधनिबंधाने कंपायलरवाले सुधारले तो वायरिंगपुढे हात टेकून बसला होता. (इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी इथे कॉलर ताठ करायला हरकत नाही.) शेवटी विद्यापीठातला जुना मित्र जॉन टोरोडे याने कंट्रोलर बनवून दिला आणि १९७४ मध्ये किल्डॉलची सिस्टिम फ्लॉपीवरून चालू झाली. तिचं नाव सीपी/एम.

आता या लेखाचा खरा मुद्दा, म्हणजे नावं. डिस्कवर शेकडो फाइल्स ठेवायच्या तर त्यांची हजेरीपत्रक-वही हवी. किल्डॉलने प्रत्येक फाइलला त्या वहीत ३२ बाइटची एक ओळ दिली. पहिल्या बाइटमध्ये वापरणाऱ्याचा क्रमांक, मग आठ बाइट नाव, मग तीन बाइट प्रकार. नाव छोटं असेल तर उरलेल्या जागा मोकळ्या. आपण मधे जो टिंब देतो तो डिस्कवर लिहिलेलाच नसतो! तो फक्त आपल्या डोळ्यांसाठी. नाव आणि पुढे प्रकार ही कल्पना त्याची स्वतःची नव्हे. डेक कंपनीच्या मोठ्या संगणकांवर ती आधीच होती, तिथे सहा आणि तीन असा हिशोब होता. पण घरगुती संगणकावर ती आणली त्याने.

हे कळल्यावर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एक्स्टेन्शन म्हणजे फाइलचं आडनाव. ते बदलणं म्हणजे वहीतली तीन अक्षरं खोडून दुसरी तीन लिहिणं, बस्स. फाइलच्या पोटातलं एक अक्षर हलत नाही. .डॉकचं .पीडीएफ करून सरांना पाठवणारे आणि मग फाइल उघडत नाही म्हणून इंटरनेटला शिव्या घालणारे महाभाग आपल्या वर्गात आहेत. पहिल्या वर्षी मीही त्यातलाच होतो. कोकणात गुरव नाव बदलून देसाई म्हणवून घेईल, पण म्हणून त्याच्या नावावर आंब्याची बाग होते का?

एक गंमत ऐका. सीपी/एममध्ये नाव बदलायची आज्ञा रेन हीच होती, पण उलटी! आधी नवं नाव, मग बरोबरचं चिन्ह, मग जुनं. सी भाषेत आपण डावीकडच्या व्हेरिएबलमध्ये उजवीकडची किंमत टाकतो ना, तसंच. आणि नावात चांदणी, म्हणजे * टाकली की तिच्या जागी प्रश्नचिन्हं भरली जात, आठाच्या जागेत आठ, तिनाच्या जागेत तीन. प्रश्नचिन्ह म्हणजे इथे काहीही चालेल. ही चांदणी यादी बघताना चाले, फाइली पुसताना चाले, पण सुरुवातीच्या आवृत्त्यांत रेनला चालत नसे. म्हणजे एका दमात सगळं पुसून टाकता येई आणि एका दमात नावं बदलता येत नसत! १९८३ च्या तिसऱ्या आवृत्तीत ती सोय आली. डॉसमध्ये मात्र रेनने चांदणी स्वीकारली: नव्या नावात जिथे प्रश्नचिन्ह, तिथे जुनं अक्षर तसंच ठेवायचं. माझ्या त्या ओळीत पहिल्या चांदणीचा अर्थ शोधा असा, आणि दुसरीचा अर्थ आहे तेच राहू द्या असा.

लिनक्सवाल्यांनो, तुम्ही हसू नका. तुमच्याकडे ही ओळ चालतच नाही. तिथे चांदणीचा अर्थ आज्ञेला कळायच्या आधीच शेल लावून टाकतो आणि तिच्या हातात नुसती नावांची यादी देतो. आपण एमव्ही *.टीएक्सटी *.सी लिहिलं की बहुतेक वेळा ती कुरकुर करून थांबते. पण फोल्डरमध्ये नेमकी एक .टीएक्सटी आणि एक .सी फाइल असेल तर पहिली मुकाट्याने दुसरीच्या डोक्यावर बसते आणि दुसरी कायमची जाते. तिथे फॉर लूप लावून एकेका नावाची शेपटी कापून नवी लावायची, हाच रस्ता. युनिक्सच्या दृष्टीने टिंब हे इतर अक्षरांसारखंच एक अक्षर, आडनाव वगैरे काही नाही. किल्डॉलच्या घराण्यात आडनावाला वेगळा रकाना होता म्हणून एका ओळीत काम होतं.

आणखी एक. सीपी/एममध्ये एकापाठोपाठ अनेक आज्ञा एका फाइलमध्ये लिहून सगळ्या एकदम चालवता येत. त्या आज्ञेचं नाव सबमिट! आपल्या छळाला हे नाव कुणी दिलं ते मात्र सापडलं नाही.

असो. इंटेलला सीपी/एममध्ये रस वाटला नाही. मग गॅरी आणि त्याची बायको डोरोथी यांनी पॅसिफिक ग्रोव्ह या गावात राहत्या घरातून कंपनी काढली. नाव इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च! पुढे पहिला शब्द गळाला. त्या काळी प्रत्येक कंपनीचा संगणक वेगळा. किल्डॉलने युक्ती केली, यंत्राप्रमाणे बदलणारा भाग तेवढा वेगळा काढला, त्याला बायॉस म्हटलं आणि बाकीची सिस्टिम सगळ्यांना तीच ठेवली. बायॉस हा शब्द आपण आजही वापरतो. ए ड्राइव्ह, बी ड्राइव्ह ही अक्षरंही आपल्या घरात सीपी/एमच्या वाटेने आली. माझ्या लॅपटॉपला फ्लॉपी कधी शिवलेली नाही, तरी त्याचा पहिला ड्राइव्ह सी का, हे आता कळतंय. ए आणि बी या दोन खुर्च्या फ्लॉपीसाठी राखून ठेवल्यात! भरात असताना सीपी/एम सुमारे ३,००० प्रकारच्या संगणकांवर चालत होती.

मग आलं १९८०. आयबीएमला छोटा संगणक काढायचा होता आणि त्याला सिस्टिम हवी होती. त्यांची माणसं पॅसिफिक ग्रोव्हला आली. त्या सकाळी गॅरी स्वतःचं विमान उडवत दुसऱ्या एका गिऱ्हाइकाकडे ठरलेल्या कामाला गेला होता. व्यवहाराचं डोरोथी बघत असे, तिच्यापुढे आयबीएमने गुप्ततेचा करार ठेवला आणि तिने सही केली नाही. दुपारी गॅरी परत आला. पुढे काय बोलणं झालं याबद्दल ज्याने त्याने वेगळं सांगितलं आहे. एवढं खरं की सौदा जुळला नाही आणि आयबीएम मायक्रोसॉफ्टकडे गेली. गॅरी मजा म्हणून विमान फिरवत बसला आणि करोडो डॉलर घालवले, ही गोष्ट तेव्हापासून जगभर सांगितली जाते. मला ती सांगणाऱ्यांचा राग येतो. गिऱ्हाइकाला दिलेली वेळ पाळणं ही मजा कधीपासून झाली?

मायक्रोसॉफ्टकडेही सिस्टिम नव्हतीच. सिॲटलमधल्याच एका छोट्या कंपनीत टिम पॅटरसन या तरुणाने नव्या ८०८६ चिपसाठी एक सिस्टिम लिहिली होती. किल्डॉलची सीपी/एम त्या चिपवर यायला वेळ लागत होता म्हणून त्याने स्वतःच लिहून टाकली. तिचं पहिलं नाव क्यूडॉस, मग झालं ८६-डॉस. १९८१ च्या जुलैत मायक्रोसॉफ्टने तिचे सगळे हक्क घेतले तेव्हा ती झाली एमएस-डॉस, आणि १२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमच्या खोक्यातून बाहेर पडली ती पीसी-डॉस म्हणून. वर्षभरात चार नावं! आणि आत? प्रोग्रामने सिस्टिमला हाक मारायच्या पद्धती सीपी/एमच्या पुस्तिकेबरहुकूम, आठ आणि तीनचं नाव तसंच, ए पुढे तिरका कंस दाखवत बसणारी ओळ तशीच.

इथे न्यायाने बोललं पाहिजे. पॅटरसनने कोड चोरला नाही. डिस्कवर जागा मांडायची त्याची रीत वेगळी आणि काही बाबतींत चांगली होती. हाका सारख्या ठेवल्या त्या जुने प्रोग्राम नव्या चिपवर सहज यावेत म्हणून. २००४ मध्ये एका पुस्तकात ही किल्डॉलच्या कामाची नक्कल असल्याचं छापून आलं तेव्हा पॅटरसनने दावा लावला, आणि २००७ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. लेखकाला तसं मत मांडायचा अधिकार आहे, एवढाच त्याचा अर्थ. चोरी सिद्ध झाली असा नव्हे. माझं म्हणाल तर कायद्याने ती चोरी नव्हती, पण आडनाव बदललं गेलं हे मात्र खरं.

किल्डॉलने तक्रार केली तेव्हा आयबीएमने तडजोड म्हणून त्याची सीपी/एम-८६ ही विकायला ठेवली. किंमत २४० डॉलर. शेजारी पीसी-डॉस ४० डॉलरला. आपल्या बाजारपेठेत एकाच दुकानात एकसारखी दिसणारी दोन पायली काजू या भावाने ठेवली तर कुठली उचलाल?

तो मात्र गप्प बसणाऱ्यातला नव्हता. १९८३ ते १९९० तो अमेरिकेत टीव्हीवर संगणकाचा एक कार्यक्रम सहनिवेदक म्हणून करत होता. सीडीवर अख्खा विश्वकोश आणायचं काम त्याच्या दुसऱ्या कंपनीने १९८५ च्या सुमारास केलं. डिजिटल रिसर्च १९९१ मध्ये नॉव्हेलला विकली गेली. पैसा कमी नव्हता. सलत होतं ते वेगळंच. १९९२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संगणक विभागाच्या वर्धापन कार्यक्रमाचं बोलावणं त्याला आलं. तिथेच तो शिकला, तिथेच डॉक्टर झाला. आणि प्रमुख भाषण कुणाचं? बिल गेट्सचं, जो त्या विद्यापीठाचा विद्यार्थीही नव्हता. या घावातून त्याने आठवणी लिहायला घेतल्या, १९९३ मध्ये थोड्या मित्रांना प्रती दिल्या, छापल्या नाहीत. दारूही वाढली होती. जुलै १९९४ मध्ये मॉन्टेरेमधल्या एका बारमध्ये त्याच्या डोक्याला मार बसला. कसा, ते कधी नीट कळलं नाही. ११ जुलैला तो गेला. वय ५२.

त्याच्या त्या आठवणींचा पहिला भाग घरच्यांनी २०१६ मध्ये लोकांसाठी खुला केला. त्याआधी २०१४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्हमधल्या कंपनीच्या जुन्या जागेबाहेर आयईईईने सीपी/एमच्या नावाची पाटी बसवली.

आता माझे एकवीस लेख. .डॉकएक्स ही मुळात झिप केलेली फाइल असते आणि प्रत्येक झिपच्या सुरुवातीला पी आणि के ही दोन अक्षरं असतात, झिप बनवणाऱ्या फिल कात्झची आद्याक्षरं. आडनाव बदललं तरी ती आतच! सरांनी एका ओळीत, फाइंडस्ट्र या आज्ञेने, पीकेने सुरू होणाऱ्या .टीएक्सटी फाइल्सची यादी काढून दिली. मोजल्या: बरोबर २१. त्या वेगळ्या फोल्डरमध्ये हलवल्या आणि तिथे उलटी रेन मारली. विभागप्रमुखांचा लेख पान नंबर धरून जागेवर आला, त्यांना अजून पत्ता नाही. (आता लागेल.) तुम्ही कधी हे करणार असाल तर आधी .डॉकएक्स फाइल्स बाजूला काढा, सगळ्याची एक प्रत ठेवा आणि रेनच्या आधी तीच चांदणी डीआयआरला देऊन कोण कोण जाळ्यात येतंय ते बघून घ्या. मला हे शहाणपण एका रात्रीनंतर आलं.

गणपतीत बाबा घरी आले तेव्हा त्यांना ही सगळी गोष्ट सांगितली. गेट्स वगैरेत त्यांना काही रस नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं, की त्या पोराने बापाचं ते तारे मोजायचं यंत्र शेवटी केलं की नाही. मी नाही म्हटलं. बाबा बराच वेळ खळ्यात बसून होते.